पट्टीतली शेवटची जागा

दलदलीतून जाणारी फळ्यांची वाट निम्मी संपली, तेव्हा हिल्लारकाका पुन्हा थांबले. पाठीवरची पिशवी पोटाशी घेतली, आत हात घालून लॅपटॉप चाचपला आणि पिशवी परत पाठीवर टाकली. गावातून निघाल्यापासून हे पाचव्यांदा चाललं होतं.

"पळून जाणार नाही तो, काका," मागून मल्ले म्हणाली.

"तो नाही ग पळत. मीच त्याला घरी विसरून आलो असेन, तर? सात किलोमीटर चालून हर्मीनेला काय माझं तोंड दाखवायचं?"

"तोंड बघायलाच तर बोलावते ती."

"तिच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना माझं तोंड चांगलंच दिसत असेल!" काका हसले, पण मागे वळले नाहीत. त्या वाटेवर वळून बोलता येत नाही. दोन फळ्या शेजारी शेजारी टाकलेल्या, दोन्हीकडे काळं पाणी आणि कमरेएवढ्या खुरट्या पाइनची झाडं. एकामागे एक चालायचं आणि पुढच्याच्या पाठीशी बोलायचं.

ऑक्टोबर सरत आला होता. एस्टोनियाच्या त्या दक्षिण टोकाला हे पितरांचे दिवस. नोव्हेंबरातला मार्तिनचा सण येईपर्यंत लाकूड फोडत नाहीत, मोठ्याने हाका मारत नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी टेबलावर फडक्याखाली पाव आणि ताजं चीज झाकून ठेवलेलं असतं आणि दाराला कडी नसते. येणाऱ्याला ठोठावावं लागू नये, म्हणून.

मल्ले गावच्या वाचनालयात काम करायची. वय बावन्न, स्वभावाने सरळ, आणि म्हणूनच आज तिचा पाय जड पडत होता. ती काकांना सोबत म्हणून आली नव्हती. गावकचेरीने तिला सांगितलं होतं: हिल्लारबरोबर एकदा जाऊन ये, त्याचं डोकं अजून ठिकाणावर आहे की नाही ते बघ आणि सोमवारी आम्हाला कळव. तेवीस घरांतल्या म्हाताऱ्यांची मशीन्स त्याच्या हातात आहेत. त्यांच्या बँका, त्यांची पत्रं. हात चुकायला लागला असेल, तर थांबवलेलं बरं.

काकांना हे माहीत नव्हतं. निदान मल्लेला तसं वाटत होतं.

हिल्लार उत्तरेकडचे, समुद्रकाठचे. तरुणपणी मासेमारीच्या बोटींवर तारयंत्र चालवायचे. न बघता दहा बोटांनी टाइप करायचे ते तेव्हापासूनचं. गावातली मुलं मुद्दाम ते बघायला यायची. साल्मेशी लग्न केलं आणि तिच्या गावात घरजावई होऊन राहिले. इथली बोली व्होरूची, राजभाषेहून पार वेगळी. पक्ष्याला राजभाषेत 'लिंद' म्हणतात, इथे 'त्सिर्क'. काका पन्नास वर्षं तिथे राहिले, बोली समजायचे सगळी, पण जिभेवर कधी घेतली नाही. साल्मे मुरंब्याच्या बरण्यांवर बोलीत चिठ्ठ्या लावायची, आणि हे विचारायचे, "ह्या बरणीत काय आहे ते माणसाच्या भाषेत सांग." त्यावर ती म्हणायची, "मरेपर्यंत तुला एक शब्द तरी लिहायला लावीन."

आठ वर्षांपूर्वी ती गेली. शब्द काही लिहून झाला नाही.

ती गेल्यावर काकांनी मशीन्सचं काम अंगावर घेतलं. शहरातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने लॅपटॉप आणायचे, त्यांच्यावर अंगाने हलकी, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना नेऊन द्यायचे. पण लॅपटॉप दिला म्हणजे काम संपलं नाही. ऐंशीच्या माणसाला मेनू उघड, त्यातून दुसरा मेनू उघड, हे जमत नाही. म्हणून काका प्रत्येकाच्या पडद्यावर डाव्या काठाला एक उभी पट्टी करून द्यायचे. तिच्यावर अंगठ्याएवढी मोठी बटणं: पत्रं, बँक, हवामान, फोटो. काठाला बाण नेला की पट्टी बाहेर येते, काम झालं की आत जाते. पडदे आडवे लांब आणि उंचीला बुटके, म्हणून पट्टी खाली नाही, बाजूला. हे सगळं ते ज्याला त्याला दोनदा समजावायचे.

आणि पट्टीच्या तळाला एक बटण कायम रिकामं. त्याला नाव नाही, काम नाही. दाबलं तर काही होत नाही. "थरथरता हात घसरून खाली जातो," काका सांगायचे. "तिथे बँक नको. तिथे काहीच नको. चुकलेल्या हातासाठी एक जागा असावी माणसाने ठेवलेली."

गावात त्या जागेला 'साल्मेची जागा' म्हणू लागले होते. आधी थट्टेने.

"मल्ले," पुढून आवाज आला, "तुझ्या खिशात ती गोळी आहे ना?"

"आहे." चपटी, गोल, नाण्याएवढी बॅटरी. काकांनीच शहरातून आणायला सांगितली होती, त्यांच्या स्वतःच्या मशीनसाठी.

"आतली मेली आहे. त्यामुळे मशीन बंद केलं की घड्याळ विसरतं. सुरू केलं की दर वेळी त्याला वाटतं, २००८ सालचा एक जानेवारी उजाडलाय." त्यांनी पिशवीचा पट्टा सारखा केला. "२००८ ला साल्मे होती."

फळी पायाखाली दबली आणि वर आली.

"मला भूतबीत सांगू नकोस हं," काका म्हणाले, जसं काही तीच सांगत होती. "एक गोष्ट मी स्वतः शोधून काढली. संध्याकाळी चुलीत लाकूड घातलं, खोली तापली, की माझ्या मशीनची पट्टी आपोआप बाहेर यायची. हात न लावता. मी पाव खात बसलेला, आणि ती हळूच बाहेर. चार दिवस घास गिळला नाही. मग कळलं. कळफलकाच्या मध्ये ते लाल बोंड असतं ना बाण हलवायला, ते उन्हाने-चुलीने तापलं की बहकतं. बाण आपोआप डावीकडे सरकतो, काठाला लागतो, पट्टी बाहेर. एवढंच."

"मग झालं तर."

"ते झालं. पण बटणाचं नाही झालं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या पट्टीच्या तळाला, रिकाम्या जागेत, नाव आलं होतं. त्सिर्क. दाबलं तर पत्रांचा कार्यक्रम उघडला, ज्याच्या चित्रात पक्षी आहे तो. काकांनी ते पुसलं, जागा रिकामी केली. चार दिवसांनी तिथे दुसरा शब्द. उइबो. म्हणजे सफरचंदाचं झाड. दाबलं तर परसातल्या झाडाचे फोटो उघडले, साल्मेने काढलेले. कधी लिहिलं ते बघायला गेले, तर तारीख होती २००८ सालचा एक जानेवारी.

"घड्याळच बंद, काका. सगळ्याच तारखा तशा येणार."

"ते मला शिकवतेस होय? म्हणूनच तर बॅटरी मागवली. पण पोरी, दार लावून मी एकटा राहतो. लिहिलं कुणी?"

म्हाताऱ्या रिखार्डच्या मशीनवरची तक्रार तिने स्वतः पाहिली होती. बँकेच्या बटणावर 'उइबो' लिहिलेलं होतं, आणि दाबलं की कुणाच्या तरी सफरचंदाच्या झाडाचे फोटो उघडत होते. काका रिखार्डकडे जाऊन आलेले होतेच. गावकचेरीचं निम्मं उत्तर तिच्या हातात आलं होतं. हा माणूस लिहितो आणि विसरतो. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पुढच्या पाठीकडे बघत चालत राहिली.

हर्मीनेचं घर दलदलीच्या पलीकडे, शेवटचं. दाराला कडी नव्हती. टेबलावर फडकं झाकलेलं होतं, पण हर्मीनेने ते हलवून जागा केली आणि म्हणाली, "मेलेल्यांचं नंतर. आधी जिवंत उपाशी येतात ते बघू. हा आमचा उत्तरेकडचा जावई अजून चालतोय म्हणायचा!"

"चालतोय. तुझ्यासारखं बसून खायला मिळालं असतं, तर मीही बसलो असतो."

"पन्नास वर्षं आमचंच खाल्लंस, आणि भाषा मात्र तुझीच बोललास. लाज नाही."

दोघं भांडत होती, त्यात घरातली थंडी गेली. मल्लेने चहा केला. काकांनी हर्मीनेसाठी आणलेला लॅपटॉप टेबलावर मांडला आणि कामाला लागले. आता बघायचं, असं मल्लेने मनाशी म्हटलं, आणि बघायला लागली.

काका चुकले नाहीत. खालच्या आडव्या पट्टीवर उजवी कळ दाबली, नवी पट्टी मागितली, डाव्या काठाला उभी केली. जाडी वाढवली. "हर्मीने, एवढं दिसतंय? नाही? बरं, अजून." एक एक बटण आणून लावलं: पत्रं, बँक, हवामान, फोटो, नातवाशी बोलायचं. नावं टाइप करताना दहाही बोटं कळफलकावरून पाऊस पडल्यासारखी धावली, आणि डोळे हर्मीनेकडे, कारण ती सांगत होती की नातू आता दाढी ठेवतो आणि पाद्रीबुवासारखा दिसतो. बटणं ओढून वरखाली केली. प्रत्येक दाबून दाखवलं. मल्लेच्या छातीवरचं ओझं हलकं झालं. सोमवारी आपण सांगू, तिने ठरवलं, की ठीक आहे सगळं. रिखार्डकडचा घोटाळा झाला असेल एकदा, माणूस आहे.

मग काकांनी शेवटचं बटण लावलं, रिकामं. नाव नाही, काम नाही. चित्राच्या जागी कोरा कागद.

हर्मीने उठून चुलीत लाकूड घालायला गेली. खिडकीबाहेर धुकं आलं होतं. मल्ले काकांच्या हाताकडेच बघत होती, म्हणून तिला ते सगळं दिसलं.

काकांचा डावा हात मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. उजव्या हाताचं एकच बोट वर आलं. कळफलकावर अक्षर शोधायला लागलं. सापडलं की दाबायचं, मग दुसरं शोधायचं, मध्येच हवेत थांबायचं. काकांची मान किंचित तिरकी झाली होती. असं एका बोटाने, मान कलती करून टाइप करणारं माणूस मल्लेने आयुष्यात एकच पाहिलं होतं. वाचनालयात येऊन मुरंब्याच्या चिठ्ठ्या छापून नेणारी साल्मे.

चार रोमन अक्षरं झाली. बोट खाली आलं. काकांनी डोळे मिचकावले, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "झालं. आता ये बघायला."

हर्मीनेने भिंग काढलं. पडद्याजवळ नाक नेलं. वरून वाचत खाली आली आणि टाळीच वाजवली.

"अगबाई! शेवटी लिहिलं की रे आमच्या भाषेत! कोदो!"

राजभाषेत घर म्हणजे 'कोदु'. बोलीत 'कोदो'. फरक एका अक्षराचा.

काकांच्या हातातला कप बशीवर वाजला. "मी तिथे काही लिहिलेलं नाही."

"मग काय मी लिहिलं, चुलीपाशी उभी राहून?" हर्मीने म्हणाली, आणि कुणी नको म्हणायच्या आत तिने ते बटण दाबलं.

त्या बटणाला कुठलंच काम सांगितलेलं नव्हतं. काकांनी ते तिघांच्या डोळ्यांदेखत रिकामं लावलं होतं. दाबून काहीही व्हायला नको होतं. पण बाणाच्या जागी ते छोटं चाक फिरायला लागलं, काहीतरी उघडताना फिरतं तसं. फिरत राहिलं. खोलीत चुलीतलं लाकूड तडकल्याचा तेवढा आवाज. ज्याला काही सांगितलेलंच नाही ते कुणाला शोधतंय, असं मल्लेच्या मनात आलं, आणि तिने टेबलाची कड धरली.

मग चाक थांबलं. पट्टी आपोआप आत गेली. दार वाऱ्याने बोटभर उघडलं आणि तसंच राहिलं.

हर्मीनेने उठून दार लावलं नाही. उलट पाव-चीजवरचं फडकं सारखं केलं आणि सगळं चौथ्या, रिकाम्या खुर्चीच्या समोर सरकवलं. "हे दिवसच आहेत," ती म्हणाली, चेष्टेचा सूर सोडून. "हिल्लार, तू पुसू नकोस हं ते. माझ्या मशीनवर राहू दे."

परतीच्या वाटेला साडेचार वाजले होते आणि उजेड दुधासारखा पातळ झाला होता. या वेळी काकांनी मल्लेला पुढे चालायला सांगितलं. त्यामुळे आता त्यांची पाठ तिला दिसत नव्हती. फक्त पावलं ऐकू येत होती. ओली फळी माणूस पुढे गेल्यावर उशिरा वर येते आणि पुन्हा एकदा वाजते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिचं पाऊल, काकांचं पाऊल आणि मग तो उशिराचा आवाज. तरी ती तिसरा आवाज मोजत राहिली.

निम्म्या वाटेवर, सकाळी थांबले होते तिथेच, काका बोलले.

"तू बघत होतीस माझ्या हाताकडे."

"हो."

"मीच लिहिलं ना?"

मल्लेला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. "हात तुमचा होता, काका," ती म्हणाली. "एकच. एका बोटाने."

मागची पावलं थांबली. तिला वाटलं वळून बघावं, आणि वळायची हिंमत झाली नाही.

"मान अशी केली होती मी?" काकांनी विचारलं.

ती 'कशी' म्हणून बघायला वळली नाही. "हो," म्हणाली.

"हं." तो हुंकार रडण्याचा नव्हता. वाट चुकून भलत्याच ठिकाणी गेलेलं सामान शेवटी आपल्या पत्त्यावर आलं, असा काहीसा होता. "मग रिखार्डकडेही मीच, ती तक्रार माझ्याही कानावर आलीय. मला आठवत नाही, पण मीच. बँक होती त्याची, पोरी. चुकून कुणाला पैसे गेले असते म्हणजे?"

"गेले नाहीत ना."

"पुढच्याला जातील. म्हातारी माणसं बटणावर विश्वास ठेवून दाबतात. त्यांना काय माहीत, लावणारा हात कुणाचा." फळी वाजली. ते जवळ आले होते. "सोमवारी गावकचेरीत जायचंय तुला."

मल्लेचे कान तापले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वीस वर्षांत एकदाही दलदल ओलांडली नाहीस, आणि आज अचानक हर्मीनेचा चहा प्यायची हुक्की आली तुला! तारयंत्रवाला आहे मी. संदेश न येताही ओळखतो." मग सावकाश म्हणाले, "सांग त्यांना. हिल्लारचं काम संपलं म्हण. तेवीस घरांची वही उद्या आणून देतो. पट्टी कशी करायची ते तू आज पाहिलंच आहेस, तुला येईल. माझ्यासमोर दोनदा कर, मग एकटी कर."

"काका, दर गुरुवारी वाचनालयात याल ना?"

"खुर्ची ठेवलीस तर येईन."

मल्लेने खिशातली गोल बॅटरी काढली आणि न वळता हात मागे केला. काकांची थंड बोटं तिच्या तळव्याला लागली. त्यांनी बॅटरी घेतली नाही. तिची मूठ मिटवली.

"मार्तिननंतर," ते म्हणाले. "तोवर माझं मशीन २००८ मध्ये असू दे. त्यानंतर तू येऊन बसव. माझ्याने नाही व्हायचं."

गावाचे दिवे दिसायला लागले होते, धुक्यात कापसात ठेवलेल्या वातींसारखे. पुढे रुंद रस्ता होता. तिथे दोघं शेजारी चालू शकली असती, पण काका फळ्यांच्या टोकाशीच उभे राहिले.

"आणि एक. हे नुसतं सांगत नाही, मागतोय."

मल्ले तेव्हा वळली. काका एकटेच होते. मान किंचित तिरकी.

"पट्टी कुणाचीही करशील, तळाची जागा रिकामी ठेव. लोक म्हणतील, उगाच कशाला, तिथे अजून एक बटण बसेल. बसवू नकोस. आणि पुढे कधी, मी असेन-नसेन, तिथे काही लिहिलेलं दिसलं, चुकीचं असो, कुठल्याही भाषेत असो, तर ते पुसायच्या आधी एकदा मोठ्याने वाच. एवढं करशील माझ्यासाठी?"